चार नंबरचा कॅमेरा

योगिनी त्या शनिवारी माळावर गेली ती फक्त कॅमेरे काढून आणायला. काम तासाभराचं होतं. चार झाडं, चार कॅमेरे. पट्टा सोडायचा, डबी पिशवीत टाकायची आणि बारामतीला परत. विजयमाला मॅडमनी तसं सांगितलंच होतं. "जेवढी माहिती जमलीय तेवढ्यावर प्रकल्प पूर्ण कर. पुढच्या वर्षीच्या मुलांना कॅमेरे लागणार आहेत." हे बोलताना मॅडम खिडकीबाहेर बघत होत्या. गेल्या तीन आठवड्यांत डिपार्टमेंटमधलं कुणीच योगिनीच्या डोळ्यांत बघून बोललं नव्हतं.

प्रकल्प दोघांचा होता, तिचा आणि समाधानचा. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला प्राणिशास्त्राच्या मुलांना एक संशोधन करावं लागतं. बाकीच्यांनी गांडुळं घेतली, डासांच्या अळ्या घेतल्या, कॉलेजच्या आवारात उरकतील असे विषय घेतले. समाधाननं माळ घेतला. तो निमगाव केतकीच्या पलीकडच्या वस्तीवरचा. ऊस आणि डाळिंबाच्या बागा जिथं संपतात आणि गुडघाभर पिवळं गवत सुरू होतं, तिथं तो लहानाचा मोठा झालेला. "ह्या गवतात कोण कोण फिरतं त्याची नोंदच न्हाय कुणाकडं," असं म्हणून त्यानं योगिनीला जोडीदार करून घेतलं. ती भवानीनगरची, साखर कारखान्याच्या कॉलनीत वाढलेली. खोकड आणि कोल्हा यांतला फरक तिला त्यानंच शिकवला.

ह्या कॅमेऱ्यांचं तंत्र साधं असतं. उबदार अंगाचं काही समोरून हललं की कॅमेरा आपोआप लागोपाठ तीन फोटो काढतो. दर दहा दिवसांनी कुणीतरी जायचं, मेमरी कार्ड बदलायचं, सेल बघायचे. एक खेप समाधानची, एक योगिनीची. आणि प्रत्येक खेपेला कॅमेऱ्यासमोर उकिडवं बसून एक पाटी धरायची. ही पाटी समाधानची शाळेतली होती, लाकडी चौकटीची. तिच्यावर खडूनं तीन ओळी लिहायच्या: कॅमेरा क्रमांक, तारीख आणि खेप कुणाची. म्हणजे पुढं हजारो फोटोंच्या ढिगात कुठला फोटो कधीचा यात गोंधळ होत नाही.

दहा जानेवारीची खेप योगिनीची होती. त्या दिवशी तिच्या चुलत बहिणीची हळद होती. "तू जा हळदीला, मी येतो जाऊन," समाधान म्हणाला आणि गेला. चारही कॅमेऱ्यांची कार्डं त्यानं बदलली. मग कार्डं घेऊन बारामतीला निघाला, कारण दुसऱ्या दिवशी मॅडमना आकडे दाखवायचे होते. अंधार पडता पडता रस्त्याच्या कडेला उसाची एक भरलेली ट्रॉली उभी होती, मागं दिवा नसलेली. त्याची मोटरसायकल तिच्याखाली गेली.

ती खेप कुणाची होती हे योगिनीनं कुणालाच सांगितलं नव्हतं.

तर त्या शनिवारी तिनं तीन कॅमेरे काढले. चौथा ओढ्याच्या काठावरच्या हिवराच्या झाडाला बांधलेला होता. तिथं पोचायला साडेचार वाजले. तिनं पट्ट्याला हात घातला आणि थांबली. पट्ट्याचं बक्कल तुटलं होतं, म्हणून समाधाननं वरून दोरीची गाठ मारली होती. त्याची गाठ. दोन वेळा घट्ट आवळून टोक आत खुपसलेलं. तिनं नखांनी ती सोडवायचा प्रयत्न केला, पण ती हलेना. बराच वेळ ती त्या झाडाला कपाळ लावून उभी राहिली. शेवटी नुसतं कार्ड बदललं, नवे सेल घातले आणि पुन्हा येऊ म्हणून माघारी वळली.

वाटेत रावजीआबा भेटले. माळावर मेंढरं चारणारा म्हातारा, दोघांनाही ओळखायचा. तो काठीवर हनुवटी टेकून उभा होता.

"त्या हिवराला काय लावून ठेवलंय गं पोरी?"

"कॅमेरा आहे आबा. आधीपासूनचाच."

"आधी मेंढरं बसायची तितं सावलीला." म्हाताऱ्यानं काठीनं दाखवलं. "आता सांजच्याला न्हाय बसत. वळसा घालून जात्यात."

तिला वाटलं लांडग्याचा माग लागला असेल. तिनं वहीत तशी नोंदसुद्धा केली.

रविवारी दुपारी होस्टेलच्या खोलीत तिनं कार्ड लॅपटॉपला लावलं. फोटो वेगळे काढायला एक प्रोग्रॅम असतो. तो हजारभर फोटो पाच मिनिटांत बघतो आणि वेगवेगळ्या फोल्डरांत टाकतो. समाधाननं त्या फोल्डरांना मराठी नावं दिली होती: प्राणी, माणूस, वाहन, रिकामं. वाऱ्यानं गवत हललं, सावली सरकली की जे फोटो निघतात ते 'रिकामं' मध्ये जातात आणि शेवटी पुसून टाकतात. पण पुसण्याआधी दहातला एक तरी आपल्या डोळ्यांनी बघायचा, हा समाधानचा नियम होता.

'माणूस' मध्ये तीनच फोटो होते. दहा जानेवारी, संध्याकाळी पाच चाळीस. निळ्या चौकड्यांच्या शर्टातला समाधान उकिडवा बसून पाटी धरून हसत होता. कॅ. ४. दहा जाने. खेप – समाधान. तो आणखी एकच तास जिवंत असणार होता. योगिनीनं तोंडावर ओढणी दाबून घेतली, शेजारच्या मुलींना आवाज जाऊ नये म्हणून.

मग डोळे पुसून तिनं 'रिकामं' उघडलं. गवत. गवत. ढगाची सावली. गवत. आणि समाधान.

तिला वाटलं प्रोग्रॅम चुकला, 'माणूस' फोल्डरमधला फोटो इकडं आला. तिनं कोपऱ्यातली तारीख बघितली. अकरा जानेवारी, पाच चाळीस. तोच शर्ट, तीच बैठक, हातात तीच पाटी. पाटीवर त्याच्याच अक्षरात अकरा जाने. तो हसत मात्र नव्हता. एसटीची वाट बघणारा माणूस जसा समोर बघतो तसा तो कॅमेऱ्याकडं बघत होता. त्याच्या पावलांखालचं गवत दबलेलं नव्हतं. चपलांच्या आजूबाजूनं, मधूनही, ते ताठ उभं होतं.

बारा जानेवारी, पाच चाळीस. तेरा. चौदा. रोज तीन फोटो, शेवटच्या दिवसापर्यंत. एकवीस दिवसांचे त्रेसष्ट. पोलिसांनी परत दिलेल्या पिशवीत त्या पाटीचे दोन तुकडे होते, हे तिनं स्वतः पाहिलं होतं. फोटोत पाटी अखंड होती. आणि अकरा तारखेपासून पाटीवरची तिसरी ओळ बदललेली होती.

खेप – योगिनी.

दुपारचे तीन वाजले होते. खाली मेसमध्ये भांडी घासत होते, कुणीतरी फोनवर हसत बोलत होतं. तिला स्वतःच्या हातांचा वास आला, वाळलेल्या गवताचा आणि खडूच्या भुकटीचा. काल रात्री डोक्यावरून न्हाऊनही.

सोमवारी तिनं मॅडमना दाखवलं. विजयमाला मॅडम शिस्तीच्या, पण मायेच्या. त्यांनी चष्मा पुसला, फोटो मोठा केला, छोटा केला. "कॅमेऱ्याचं घड्याळ बिघडलं असेल," त्या म्हणाल्या. मग पाटीवरची तारीख वाचली. चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"मॅडम... प्रोग्रॅम ह्याला रिकामं म्हणतोय."

"हे पुसून टाक, योगिनी." त्यांचा आवाज अगदी खाली गेला होता. "आणि त्याच्या आईला दाखवू नकोस. तिला आधीच फार झालंय. ऐकतेस ना?"

योगिनीनं मान हलवली. पण त्याच आठवड्यात ती वस्तीवर गेली. ती दाखवायला गेली नव्हती. समाधानच्या घरी त्याचा धड एक फोटो नव्हता, ओळखपत्रावरचा अंगठ्याएवढा सोडला तर. दहा तारखेचा तो हसरा फोटो मोबाईलमध्ये घालून नेला की त्यावरून मोठा करून देता येईल, एवढंच तिच्या मनात होतं.

समाधानची आई, तुळसाबाई, डाळिंबाच्या बागेतून नुकत्याच आल्या होत्या. नवरा जाऊन बारा वर्षं झालेली, थोरली लेक पायल डाळजला दिलेली. पत्र्याच्या दोन खोल्यांत आता त्या एकट्या. त्यांनी हात धुतले, पदराला पुसले आणि मोबाईल दोन्ही हातांत घेतला. मॅडमना दाखवायला घेतलेले बाकीचे फोटोही त्यातच होते, आणि बघता बघता त्यांचा अंगठा पडद्यावर घसरून पुढचा फोटो आला.

योगिनीनं मोबाईल घ्यायला हात पुढं केला. तुळसाबाईंनी तो दिला नाही. त्यांना अक्षर येत नव्हतं, पण आकडे येत होते. बागेत क्रेट मोजून शिकलेल्या.

"अकरा," त्या म्हणाल्या. "अकरा तारखेला तर त्याला..."

त्यांनी अंगठा पुढं सरकवला. पुढचा फोटो बघितला, मग त्याच्या पुढचा. ओसरीवर कोंबड्या टिपत होत्या. योगिनीला वाटलं आता ह्या ओरडतील, छाती बडवतील. त्या एवढंच म्हणाल्या,

"बारीक दिसतोय."

मग मोबाईल कपाळाला लावून त्या रडल्या. आवाज न करता, खूप वेळ. जाताना त्यांनी योगिनीचं मनगट धरलं. "ती डबी काढू नगंस बाय. माझं एवढं ऐक. तितं येतोय तो... ऱ्हाऊ दे."

योगिनीनं डिपार्टमेंटला चार नंबरचा कॅमेरा चोरीला गेला म्हणून लिहून दिलं. मॅडमनी तो कागद दोनदा वाचला आणि सही केली.

तेव्हापासून तुळसाबाई रोज माळावर जायला लागल्या. बागेतून चारला सुटायचं, तसंच दोन मैल चालत जाऊन हिवराखाली बसायचं, दिवस मावळला की परत. योगिनी शनिवारी जायची, कार्ड काढायची, आणि दोघी वस्तीवर येऊन लॅपटॉपवर आठवड्याचे फोटो बघायच्या.

पहिल्या शनिवारी तुळसाबाईंनी विचारलं, "मला तर कायच दिसलं न्हाय तितं. आला हुता का?"

आला होता. फोटोत तुळसाबाई झाडाला टेकून रस्त्याकडं डोळे लावून बसलेल्या होत्या, आणि त्यांच्यापासून दोन हातांवर समाधान पाटी धरून उकिडवा बसला होता. तोंड कॅमेऱ्याकडं. प्रोग्रॅमनं त्या फोटोखाली लिहिलं होतं: माणूस, एक.

"कुठल्या अंगाला बसला हुता?"

"तुमच्या उजव्या हाताला, मावशी."

दुसऱ्या दिवसापासून तुळसाबाई थोड्या डावीकडं सरकून बसायला लागल्या. पुढच्या फोटोंत त्या उजवीकडं तोंड करून बोलत असलेल्या दिसायच्या. कधी हात पुढं केलेला असायचा, हवेत, खांदा जिथं असेल त्याच्या अंमळ खाली किंवा अंमळ वर. एका फोटोत बोटं अगदी त्याच्या बाहीपाशी पोचली होती. त्या फोटोवर तुळसाबाई पंधरा मिनिटं थांबल्या. "थोडकं ऱ्हायलं," त्या म्हणाल्या. "थोडकंच ऱ्हायलं हुतं गं."

तो मात्र त्यांच्याकडं एकदाही बघत नव्हता. आणि खरंच बारीक होत चालला होता. गालाची हाडं वर आली होती, ओठ फुटले होते. शर्टाची कॉलर गळ्याभोवती सैल पडली होती. डोळे तेवढे पहिल्यासारखेच कॅमेऱ्याच्या भिंगात रोखलेले.

तुळसाबाईही वाळत चालल्या. फेब्रुवारी सरता सरता त्यांनी बागेत जाणंच सोडलं. एक दिवस योगिनीला फोन आला.

"मी पायल बोलतीय, समाधानची भन." आवाज दबलेला होता, कुणी ऐकू नये असा. "तू आईला काय दावतीस गं? मी काल जाऊन आले. घरात चूल पेटलेली न्हाय चार दिस. दुपारपासनं माळाला जाऊन बसती. रावजीआबा सांगत हुतं, एकटीच बोलती म्हणून. भाऊ तर गेला माझा. आता आई बी घालवायची का तुमच्या अभ्यासापायी?"

त्या रात्री तिला झोप आली नाही, आणि शनिवारची वाट न बघता ती दुसऱ्याच दिवशी वस्तीवर गेली.

तुळसाबाई ओसरीवर भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांचं वजन निम्म्यावर आलंय असं वाटत होतं. योगिनी काही बोलायच्या आतच त्या म्हणाल्या, "मला एक सांग. तो पाटी कुणाला दावतोय?"

"कॅमेऱ्याला दाखवतात मावशी. कामाची पद्धत आहे ती."

"ते ठावं हाय. मी इतक्या दिसांत लई बघितलं त्याला. पोरगं आईसाठी आलं असतं तर आईकडं बघितलं असतं. ते कामावर आलंय. कुणाची तरी वाट बघतंय." त्यांनी लॅपटॉपकडं हात केला. "वरचं चार म्हंजे डबीचा नंबर. मधली तारीख. खाली काय लिवलंय?"

योगिनीनं लॅपटॉप अर्धा मिटला. ती ओळ तिनं महिनाभर वाचून दाखवली नव्हती.

"वाच की."

"खेप... योगिनी."

"म्हंजे?"

"म्हणजे आता जायची पाळी योगिनीची." एकदा सुरुवात झाल्यावर तिला थांबता येईना. "दहा तारखेची खेपसुद्धा माझीच होती, मावशी. माझ्या बहिणीची हळद होती. तो माझ्याऐवजी गेला. मी गेले असते तर तो घरी असता. मी कुणाला सांगितलं नाही. तुमच्यासमोर बसून दर शनिवारी फोटो दाखवले, पण हे सांगितलं नाही."

ओसरीवरचं ऊन हळूहळू वर सरकत होतं. योगिनी मान खाली घालून बसली होती. उठ आणि चालती हो, हे शब्द कधी कानावर येतात त्याची ती वाट बघत होती.

"म्हाईत हाय मला," तुळसाबाई म्हणाल्या.

योगिनीनं वर बघितलं.

"जाताना सांगून गेला हुता. योगिनीच्या घरी हळद हाय, आज मी जातो म्हणला. चहा पिऊन गेला. खुशीत हुता." त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. हात काडीसारखा हलका होता. "मी वाट बघत हुते, तू कवा सांगतीस म्हणून. एवढं मनात घिऊन कशी झोपतीस गं पोरी?"

मग रडणं झालं, दोघींचंही. पुष्कळ दिवसांचं साठलेलं होतं. शेवटी तुळसाबाईंनी तोंड धुतलं, केस नीट केले आणि म्हणाल्या, "त्याचं काम अर्ध्यावर ऱ्हायलंय. तुझी खेप हाय ना? मग चल, करून टाकू. त्याला सुट्टी दे आता. किती दिस बसल तो तितं?"

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दोघी माळावर गेल्या. मार्च लागला होता, गवत वाळून पांढरं पडलं होतं. तुळसाबाईंनी पाटीचे दोन तुकडे फडक्यात बांधून आणले होते. साडेपाचला योगिनीनं ते मांडीवर जुळवले आणि फुटक्या रेघेवरून खडू ओढत लिहिलं: कॅ. ४. तारीख. खेप – योगिनी. मग ती कॅमेऱ्यासमोर उकिडवी बसली, दोन्ही तुकडे दाबून धरून.

तोपर्यंत वारा होता. पाच चाळीसला तो थांबला. गवताची सळसळ थांबली, लांब कुठंतरी चाललेल्या ट्रॅक्टरचा आवाजही तुटला. योगिनीच्या उजव्या बाजूला, अगदी कानाशी, बारीक खडे दाबले गेल्यासारखा आवाज झाला. फार वेळ उकिडवं बसलेला माणूस एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर घेतो ना, तसा. तिनं मान वळवली नाही. खडूच्या भुकटीचा वास आला. पाटी तिनं सोडली नाही.

"झालं का गं?" तुळसाबाईंनी हळूच विचारलं.

"झालं."

गाठ तुळसाबाईंनी सोडली. त्यांच्या लेकाला गाठ मारायला त्यांनीच शिकवलं होतं. एका झटक्यात सुटली. योगिनीनं कॅमेरा बंद केला, आठही सेल बाहेर काढून वेगळ्या पिशवीत टाकले. तुळसाबाईंनी झाडाच्या बुंध्यावर हात फिरवला. "चल रं राजा," असं काहीतरी त्या पुटपुटल्या, आणि पुढं चालायला लागल्या. योगिनीनं त्यांना स्कूटीवरून वस्तीवर सोडलं आणि अंधार पडायच्या आत बारामतीची वाट धरली.

पुढं सगळं नीट झालं. कॅमेरा सापडला म्हणून तिनं डिपार्टमेंटला परत दिला. मॅडमनी तो कपाटात ठेवला, आणि त्या दिवसापासून पुन्हा तिच्या डोळ्यांत बघून बोलायला लागल्या. प्रकल्पाचा अहवाल महिनाभरात लिहून झाला. चिंकारा, खोकड, लांडगा, ससे, मुंगूस, माळाचा नकाशा, कुठला प्राणी किती वाजता, किती वेळा. वरती दोन नावं, समाधानचं पहिलं. विद्यापीठाच्या फेरीत त्याला दुसरा क्रमांक मिळाला. पारितोषिक घ्यायला योगिनी एकटी गेली तेव्हा सभागृहातल्या कुणालाच ठाऊक नव्हतं की तिनं शेजारी एक माणूस मावेल एवढी जागा सोडून उभं राहणं का पसंत केलं.

तुळसाबाईही सावरल्या. बागेत जायला लागल्या. पायलचा फोन आला, ह्या वेळी मोकळ्या आवाजात. "आई जेवती आता. चांगली दोन वेळ सैपाक करती. म्हणाली, तू हितं येऊन ऱ्हायची गरज न्हाय, मी एकटी न्हाय. तुझं उपकार हायत बघ." योगिनीला बरं वाटलं. किती दिवसांनी तिला पोटभर झोप लागली.

शेवटचं कार्ड तिनं उघडलंच नव्हतं. त्यात आठवड्याभराचे फोटो होते, पण ते बघायचा तिला धीर होत नव्हता, आणि अहवालाला त्यांची गरजही पडली नाही. कार्ड कागदाच्या पाकिटात घालून तिनं टेबलाच्या खणात टाकलं होतं. एप्रिलच्या शेवटी परीक्षा संपली. खोली रिकामी करताना ते पाकीट हाताला लागलं. भर दुपार होती. तिनं कार्ड लॅपटॉपला लावलं.

फोटो एका आठवड्याचे नव्हते, कितीतरी जास्त होते, आणि शेवटचे तर तिला ओळखूच येईनात.

म्हणून ती मागं गेली, त्या मार्चच्या संध्याकाळपर्यंत. पाटी धरलेली ती स्वतः होती. पाच एक्केचाळीस. त्याच्यानंतर कॅमेरा बंद केला होता. पण त्याच्या पुढं आणखी फोटो होते. पाच अठ्ठेचाळीस: ती आणि तुळसाबाई पाठमोऱ्या, रस्त्याकडं चाललेल्या. फोटो हिवराच्या बुंध्यापासून, गुडघ्याएवढ्या उंचीवरून काढलेला. योगिनीच्या पाठीवरच्या पिशवीतून कॅमेऱ्याचा काळा पट्टा बाहेर लोंबत होता. पाच पंचावन्न: स्कूटी, मागं बसलेल्या तुळसाबाई, इतक्या जवळून की पदराची वीण दिसावी. त्या मागं वळून बघत होत्या.

सहा वीस: पत्र्याच्या घराचं दार, आतून उजेड.

त्याच्यानंतरचे सगळे फोटो घरातले होते. रोज तीन. प्रोग्रॅम लावलाच नाही तिनं. एकेक करून आपल्या डोळ्यांनी बघत गेली. चूल. भाकरी थापणारे हात. अंथरलेली दोन पटकुरं. सगळे जमिनीवर बसलेल्या माणसाच्या नजरेच्या उंचीवरून. मार्च संपला, एप्रिल आला. कार्ड त्या सगळ्या काळात बारामतीत, तिच्या खणात पडलेलं होतं.

सगळ्यात शेवटच्या फोटोवर कालची तारीख होती. संध्याकाळी सात चाळीस. तुळसाबाई चुलीपुढं बसल्या होत्या. अंगानं भरल्या होत्या, तोंडावर हसू होतं. त्या सरळ भिंगाकडं बघत होत्या, आणि उजवा हात लांब करून त्यांनी भाकरीचा घास पुढं धरला होता. इतका जवळ, की बोटं आणि घास धूसर झाले होते, आणि फोटोचा खालचा अर्धा भाग त्यांनीच भरून गेला होता.